किल्पेकचं चर्च: नऊशे वर्षांचं कोरीव काम इतकं ताजं कसं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मुलीकडे इंग्लंडला गेला होतात आणि हेरफर्डशायरमधल्या किल्पेक गावचं छोटं चर्च पाहून आलात. चर्च १२व्या शतकातलं आहे आणि १९व्या शतकात ते ‘रिस्टोर’ झालं, असं वाचलंत. पण भिंतीवरचं कोरीव काम इतकं धारदार दिसलं की जावई म्हणाले, हे सगळं राणी व्हिक्टोरियाच्या काळात नव्याने घडवून बसवलेलं असणार. खरं काय, आणि ‘रिस्टोर’ म्हणजे आपल्याकडचा जीर्णोद्धारच का, असं तुम्ही विचारलं आहे.

कोरीव काम मूळचंच आहे, साधारण ११४० च्या सुमाराचं. जावयांची शंका मात्र अगदी रास्त आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली आणि किल्पेकला पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मलाही हाच संशय आला होता. अशा वेळी दगडाकडे बघण्याआधी मी एक गोष्ट शोधतो: दुरुस्तीपूर्वीचं एखादं चित्र किंवा नोंद आहे का? इथे आहे. जॉर्ज रॉबर्ट लुईस नावाच्या चित्रकाराने १८४२ साली या चर्चची रेखाचित्रं छापली. वास्तुविशारद लुईस नॉकल्स कॉटिंगहॅम यांच्या दुरुस्तीचं साल १८४८ दिलं जातं. म्हणजे दुरुस्तीच्या आधीच ते प्राणी, ते मुखवटे, ते दार जसंच्या तसं कागदावर उतरलेलं होतं. चित्रकार लुईसच्या वेळी छपराखालच्या कोरीव तोड्यांची (भिंतीतून पुढे आलेल्या आधार-दगडांची) मोजदाद ९१ होती, आज ८५ आहेत. सहा कमी झाले, पण त्यांच्या जागी कुणी नवे घडवून बसवले नाहीत. हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

याच लुईसच्या चित्रांत एक गमतीशीर अडचण आहे. तोड्यांपैकी एक तुम्ही पाहिला असेल, किंवा मुलीने पटकन पुढे नेलं असेल: दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी, मोठ्या डोळ्यांची बाई. आयर्लंड-इंग्लंडात अशा मूर्तींना ‘शीला-ना-गिग’ म्हणतात आणि किल्पेकची शीला त्यांतली सर्वांत प्रसिद्ध असावी. लुईसला ती तशी काढवली नाही. त्याने तिचा विदूषक केला आणि ती फट छातीवर, काळजाकडे जाणारी वाट म्हणून समजावून सांगितली. बाकी चित्रं चोख काढणाऱ्या माणसाचा हात या एका ठिकाणी अडखळला. म्हणून जुनी चित्रं पुरावा म्हणून वापरताना काढणाऱ्याचा काळ आणि त्याची भीडही वाचावी लागते. मराठी माणसाला ही मूर्ती पाहताच लज्जागौरी आठवते. मलाही आठवली. पण दोन्हींत धागा जोडायला काहीही आधार नाही. लज्जागौरी ही पूजेची देवता, कमळाच्या मस्तकाची, सुफलतेची. शीला एका चर्चच्या वळचणीला, कुत्र्या-सशांच्या रांगेत बसलेली. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे, दृष्ट काढणारी आहे की जुन्या श्रद्धेचा अवशेष, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

आता इमारत पाहू. हेरफर्ड शहरापासून १४-१५ किलोमीटर नैर्ऋत्येला, वेल्सच्या सीमेजवळ हे गाव आहे. चर्च सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाने आहे आणि डेव्हिड हा वेल्सचा संत. या मुलखाचं जुनं नाव आर्चेनफील्ड. नॉर्मन लोक (११व्या शतकात फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणारे) येण्याआधी इथे वेल्श वस्ती आणि वेल्श चालीरीती होत्या, नावात त्यांची खूण राहिली. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमीन-मालकीच्या सरकारी नोंदवहीत हे गाव विल्यम फिट्झ नॉर्मनकडे आहे. त्याचा मुलगा ह्यू याने ११३४ साली इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं. आज जी वास्तू उभी आहे ती त्यानंतरच्या थोड्या वर्षांतली. चर्चच्या मागे, पश्चिमेला, मातीचं उंच टेकाड दिसतं. त्याच्यावर ह्यूच्या घराण्याचा किल्ला होता. भिंतीचे दोन तुकडे अजून उभे आहेत.

रचना समजायला आपलं देऊळ डोळ्यांपुढे आणा. लोकांनी उभं राहायचा लांबट भाग म्हणजे आपला सभामंडप, मग आखूड आणि अरुंद असं अंतराळ, आणि शेवटी पूर्वेला गाभारा. पूजाविधी वेगळा, दिशा वेगळी, पण बाहेरून आत जाताना जागा लहान होत जाते आणि पवित्रता वाढत जाते, हा हिशोब तोच. तिन्ही भाग एका रांगेत आहेत. इंग्रजीत शेवटच्या भागाला ‘ॲप्स’ म्हणतात आणि किल्पेकला तो अर्धगोल आहे. हा अर्धगोल फार मोलाचा. इंग्लंडात पुढच्या शतकांत पूर्वेची बाजू चौकोनी करण्याची रीत पडली, आणि असंख्य चर्चांचे अर्धगोल गाभारे पाडून ती बाजू लांब, चौकोनी, मोठ्या खिडक्यांची केली गेली. किल्पेकचा वाचला. आत मान वर केलीत तर चारी बाजूंनी येणाऱ्या दगडी फासळ्या मधोमध एकत्र येतात, तिथे गाठीच्या दगडावर मुखवटे कोरलेले आहेत.

दक्षिणेचं दार हा या चर्चचा जीव. दोन्ही बाजूंना बाहेरच्या खांबांवर साप आहेत, एकमेकांना गिळत वर-खाली सरकणारे. डाव्या आतल्या खांबावर दोन योद्धे वेलींत गुंतलेले आहेत. त्यांच्या अंगात विजारी आणि डोक्यावर टोकदार टोप्या आहेत. वरच्या अर्धवर्तुळात एक झाड किंवा वेल आहे, बहुधा जीवनवृक्ष. त्याच्या भोवतीच्या कमानीत चोचवाले मुखवटे, पक्षी, अजगर यांची गर्दी. उजव्या खांबाच्या माथ्यावरच्या मुखवट्याच्या तोंडातून पाने-वेली बाहेर पडतात. आपल्या मंदिरांतलं कीर्तिमुख पाहिलेल्याला तो ओळखीचा वाटेल, पण इथेही नातं जोडायच्या मोहात पडू नका. दगडात तोंड कोरायचं आणि त्यातून काहीतरी बाहेर काढायचं, हे जगभरच्या पाथरवटांना आपापलं सुचलेलं आहे.

पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर झेपावणारी लांब जबड्यांची अजगरमुखं पाहिलीत का? तिथे उत्तरेकडच्या, नॉर्वे-डेन्मार्ककडच्या लाकूडकामाची आठवण स्पष्ट आहे. जणू लाकडी गलबताचं नाक दगडात कोरलं आहे.

एवढ्याशा गावात असे कारागीर आले कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पडला असणार. या भागात ११३० ते ११५० च्या दरम्यान एक कारागीर-परंपरा काम करत होती. अभ्यासक तिला ‘हेरफर्डशायर शाळा’ म्हणतात; जॉर्ज झार्नेकी या कलाइतिहासकाराने ती नीट मांडली. शॉब्डन, ब्रिन्सप, रोल्स्टन, स्ट्रेटन शुगवस या गावांत, शिवाय अर्ड्स्ली आणि कॅसल फ्रोम इथल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडांवर, तोच हात, त्याच वळशा-वळशांच्या चुण्या दिसतात. मागची हकिकत अशी सांगतात, की ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमाँड स्पेनमधल्या सांतियागो दे कंपोस्तेलाची यात्रा करून आला आणि त्याने शॉब्डनचं चर्च बांधवलं. तुम्ही किल्पेकच्या आतल्या कमानीत खांबांवर एकावर एक उभे असलेले संत पाहिले असतील, प्रत्येक बाजूला तीन. असे रचलेले संत कंपोस्तेलाच्या दक्षिण दारावरही आहेत. पंढरीला जाऊन आलेला माणूस गावात येऊन तसंच देऊळ बांधायला काढतो, तसं हे. फक्त इथे वाट हजार-बाराशे किलोमीटरची, समुद्र ओलांडून. आणि तो काळही शांत नव्हता. राजा स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात गादीवरून यादवी चालू होती. त्या धामधुमीत सीमेवरच्या एका गावात कुणीतरी कुत्रा आणि ससा शेजारी-शेजारी कोरत बसला होता. माझा सर्वांत आवडता तोडा तोच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ते ताजं का राहिलं? एकच कारण नाही, चार गोष्टी जुळून आल्या.

पहिली गोष्ट दगड. तिथला लाल वालुकाश्म भूशास्त्रात ‘ओल्ड रेड सँडस्टोन’ म्हणून ओळखला जातो. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण कशाने तरी चिकटलेले. ती चिकटण सिलिकाची असेल तर दगड टिकतो, चुन्याची किंवा मातीची असेल तर पावसात उतरतो. एकाच डोंगरातल्या दोन खाणींचा दगड म्हणूनच वेगवेगळा वागतो. किल्पेकला निवडलेला दगड चांगला निघाला. दुसरं, तोडे कोरले गेले ते छपराच्या अगदी खाली, वळचणीला. वर दगडाची पट्टी पुढे आलेली आहे, पाऊस सरळ त्यांच्या अंगावर येत नाही. जिथे वळचण आहे तिथे टाकीची धार दिसते, जिथे पाणी ओघळतं तिथे नाक-डोळे झिजलेले. सगळं काम १८४८ चं असतं तर झीज सगळीकडे सारखीच, आणि थोडी दिसली असती. तिसरं, दक्षिण दारापुढे काही दशकं लाकडी पडवी होती, ती नंतर काढली. चौथं म्हणजे गाव. किल्ला ओस पडला, वस्ती आटली. चर्चच्या पलीकडच्या शेतात जुन्या घरांच्या जोत्यांचे उंचवटे अजून दिसतात. गाव वाढलं असतं, पैसा आला असता, तर कुणीतरी त्या अर्धगोलाच्या जागी मोठा गाभारा बांधला असता, बाजूला ओवऱ्या काढल्या असत्या. गरिबीने किल्पेकला वाचवलं, हे वाचायला बरं वाटत नाही, पण युरोपातल्या कितीतरी खेडेगावांतल्या जुन्या वास्तूंचं हेच आहे.

याची उलटी बाजू बघायची असेल तर शॉब्डनला जा. हेरफर्डच्या उत्तरेला लेमस्टर गाव आहे, त्याच्या पश्चिमेला. तिथलं मर्लिमाँडचं चर्च किल्पेकच्या बरोबरीचं होतं, कदाचित सरस. १७५० च्या सुमाराला जमीनदार बेटमन घराण्याने ते पाडलं आणि जागेवर त्या वेळच्या हौसेचं, आत पांढऱ्या रंगाचं, साखरेच्या खेळण्यासारखं नवं चर्च बांधलं. (ते सुंदर आहे, यात वाद नाही.) जुन्याची आतली कमान आणि दोन दारं मात्र त्यांना फेकवली नाहीत. ती उचलून जवळच्या टेकडीवर, हिरवळीच्या शेवटी, नजारा म्हणून उभी केली. छप्पर नाही, वळचण नाही. ऊन, पाऊस आणि गारठा थेट कोरीव कामावर. याच लुईसने १८५२ साली तिथली चित्रं छापली. आज तुम्ही तिथे उभ्या राहिलात तर त्या चित्रांतले योद्धे दगडात शोधावे लागतात, कित्येक ठिकाणी नुसती उंच-सखल खूण उरली आहे. तीच कारागीर-परंपरा, तीच दशकं. एकावर छप्पर राहिलं, एकावरचं काढलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही दोन गावं एकाच दिवशी दाखवतो. दुपारनंतर वर्गात काही शिकवावं लागत नाही.

आता जीर्णोद्धाराचा मुद्दा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे देवाची जागा पुन्हा नांदती करणं. मूर्ती भंगली तर नवी घडवतात, गाभारा मोडकळीला आला तर नवा बांधतात. त्यामागे श्रद्धेचं स्वतःचं तर्कशास्त्र आहे. देव राहतो, दगड बदलला तरी चालतो. मला त्याचा आदर आहे. १९व्या शतकातल्या इंग्रजांनीही चर्चच्या बाबतीत जवळपास तेच केलं, फक्त कारण वेगळं दिलं. त्यांना प्रत्येक चर्च एका ‘शुद्ध’ मध्ययुगीन रूपात हवं होतं. मग १५व्या शतकाची खिडकी १३व्या शतकाची करायची, भिंतींचा जुना गिलावा खरवडून दगड उघडा करायचा, झिजलेलं शिल्प काढून त्या जागी तसंच नवं बसवायचं. १८४० ते १८७५ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या सात हजारांहून जास्त चर्चांवर असं काम झालं. आज आपण इंग्लंडात जाऊन ‘किती जुनं आहे!’ म्हणून ज्या उघड्या दगडी भिंतींकडे बघतो, त्या बहुतेक वेळा याच खरवडीच्या असतात. मध्ययुगात त्या आतून चुन्याने लिंपलेल्या आणि रंगवलेल्या होत्या.

याविरुद्ध विल्यम मॉरिस हा कवी आणि कलाकार उभा राहिला. मार्च १८७७ मध्ये त्याने ट्यूक्सबरीच्या चर्चच्या दुरुस्तीच्या विरोधात ‘अथेनियम’ या साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: गेलेला काळ परत घडवता येत नाही, तेव्हा रोजच्या काळजीने झीज थोपवा, आणि टेकू द्यायची वेळ आली तर तो टेकू म्हणून ओळखू येऊ द्या. विल्टशायरमध्ये इंगल्शॅम नावाचं छोटं चर्च आहे. तिथे मॉरिसच्या आग्रहामुळे १८८० च्या दशकाअखेरीस दुरुस्ती फार हलक्या हाताने झाली. भिंतीवर एकावर एक चढलेले रंगांचे थर, वेगवेगळ्या शतकांच्या अक्षरांसह, अजून तसेच आहेत. किल्पेकनंतर वेळ असेल तर तेही पाहा.

कॉटिंगहॅम मॉरिसच्या आधीच्या पिढीचा. १७८७ चा जन्म, १८४७ साली वारला; किल्पेकच्या दुरुस्तीचं १८४८ हे साल त्याच्यामागे काम पुरं झाल्याचं असावं. त्याच काळात हेरफर्डच्या मोठ्या कॅथेड्रलचं कामही त्याच्याकडे होतं आणि तिथे ढासळायला आलेल्या मधल्या मनोऱ्याला त्याला आधार द्यावा लागला. तोही आपल्या काळाचा माणूस होता आणि त्याच्या इतर कामांवर टीका झाली आहे. पण किल्पेकला जे समोर दिसतं त्यावरून मी म्हणेन, की तिथे इमारत उभी ठेवण्याची दुरुस्ती झाली आणि कोरीव कामाला हात लागला नाही. शीलाही राहिली, आणि त्या काळात हे सोपं नव्हतं.

या गोष्टीने मी इतका का हलतो, तेही सांगतो. कोकणातल्या एका जुन्या देवळाच्या कामात, उमेदवारीच्या दिवसांत, जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा पडलेला होता आणि तिथे सिमेंट लावायला मी सही दिली होती. गावाला लवकर काम हवं होतं, चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, आणि सिमेंट बळकट, असं मलाही वाटलं. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडतो. चुना त्याला सोडू देतो, सिमेंट कोंडतं. चार-पाच पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले आणि तो सुटला तेव्हा जांभ्याचा थर सोबत घेऊन आला. ती भिंत नवी बांधावी लागली. जुने दगड परत आणता आले नाहीत. तेव्हापासून कळीचा चुना, तो मुरण्याचे दिवस आणि दर्जांत (दगडांमधल्या सांध्यांत) किती मऊ मसाला भरायचा याचा हिशोब मी कुणावर सोपवत नाही. मसाला नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचं तर दर्ज झिजेल, ती पुन्हा भरता येते. वालुकाश्मालाही हाच नियम, म्हणून किल्पेकसारख्या ठिकाणी चुन्याचीच दर्ज हवी.

जावयांना एक गोष्ट जरूर दाखवा, पुढच्या वेळी. घडीव दगडाच्या सपाट पृष्ठावर तिरपे, एकमेकांलगत ओढलेले ओरखडे असतील तर ते नॉर्मन पाथरवटाच्या कुऱ्हाडीचे असतात. तो दगड टाकीने नव्हे, कुऱ्हाडीने तासायचा. १९व्या शतकातल्या दगडावर रुंद टाकीच्या सरळ, मोजून मारल्यासारख्या रेघा असतात. सूर्य कललेला असताना गालफड दगडाला टेकवून पृष्ठभागाकडे तिरपं बघा, दोन्ही वेगळे ओळखू येतात. कोरलेल्या भागाला मात्र बोट लावू नका, हाताचा घाम आणि घर्षण दोन्ही झिजवतात. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. माध्यान्हीला सूर्य दारावर थेट पडतो आणि कोरीव काम सपाट दिसतं. दुर्बीण जवळ ठेवा, तोडे उंचावर आहेत. शीला दक्षिण दारापाशी नाही, गाभाऱ्याच्या अर्धगोलाला वळसा घाला, तिथे वळचणीच्या रांगेत सापडेल. कुत्रा-ससा शोधायलाही तसंच, छपराकडे बघत, एका हाताला भिंत ठेवून सावकाश चालत जा.